घरी बसून शिवते, म्हणून मी कामगार नाही का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते:

“नमस्कार ताई. सहा वर्षं मी एका कपड्यांच्या कंपनीसाठी घरून शिवणकाम करते. कापलेला माल, अस्तर, गुंड्या मधला माणूस आणून देतो. मी शिवून, काज-बटण करून परत देते. मजुरी नगावर. मशीन माझं, वीज माझी, दोरासुद्धा माझाच. माल नापास झाला तर उसवून पुन्हा शिवायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काम आलं की रात्ररात्र बसते, नाही आलं की दोन-दोन आठवडे हात रिकामे. सासूबाई धागे कापून देतात, तेरा वर्षांची मुलगी नग मोजून गठ्ठे बांधते. मधल्या वेळात ओळखीच्या बायकांचे कपडेही शिवते. आता मधल्या माणसाने एक कागद आणला आहे. मी ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे, कंपनीची कामगार नाही आणि कंपनीकडे कोणताही हक्क मागणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. सही नाही तर पुढचा माल नाही, म्हणतो. यजमान म्हणतात, करून टाक सही, तू कुठे नोकरी करतेस? ताई, मी नक्की कोण?”

नमस्कार.

आज सही करू नका. कागदाचा फोटो काढून ठेवा, “वाचून सांगते” एवढंच म्हणा. माल अडवण्याची धमकी देऊन ज्यावर सही मागितली जाते, तो कागद आपल्या भल्यासाठी क्वचितच असतो. आणि तुम्ही खरोखरच स्वतंत्र व्यावसायिक असता, तर तसं लिहून घ्यायची घाई कंपनीला सहा वर्षांनी का झाली असती?

तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे अमुक कलम, अमुक कार्यालय असं मी सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न जगभरच्या न्यायालयांनी हाताळला आहे आणि त्याचं उत्तर काढायची रीत बरीचशी सारखी आहे. ती तुमच्याच पत्रातून दाखवते, कारण उत्तराचा अर्धा भाग तुम्ही नकळत लिहूनच पाठवला आहे.

तुम्ही दोन प्रकारचं शिवता. ओळखीची बाई कापड घेऊन येते तेव्हा शिलाई तुम्ही सांगता. जमत असेल तर घेता, नसेल तर नाही म्हणता. कसं शिवायचं ते दोघी मिळून ठरवता, आणि शिलाई वाढवायची असेल तर कुणाला विचारावं लागत नाही. तिथे तुम्ही स्वतंत्र आहात, तो तुमचा धंदा आहे. मग संध्याकाळी मधला माणूस गठ्ठा टाकून जातो. दर त्याचा, नमुना त्याचा, मुदत त्याची. पास-नापास तोच ठरवतो आणि माल शेवटी कुणाच्या नावाने विकला जातो हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. मशीन तेच, खुर्ची तीच, पण या दुसऱ्या कामात तुमच्या हातात फक्त मेहनत आहे. त्या कागदाला हे दोन्ही एकाच मापात बसवायचं आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामाविषयी, म्हणजे आपल्या घरी बसून दुसऱ्यासाठी केलेल्या मोबदल्याच्या कामाविषयी, एक करार मंजूर केला. त्याचा क्रमांक १७७, आणि तो २००० साली अमलात आला. त्यातली व्याख्या तुम्ही नीट वाचावी असं मला फार वाटतं. काम स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी केलेलं, मोबदल्यासाठी केलेलं, आणि त्यातून काम देणाऱ्याने सांगितलेली वस्तू किंवा सेवा तयार झालेली. साधनं, कच्चा माल कुणी पुरवला याने फरक पडत नाही, असं त्या व्याख्येतच म्हटलं आहे. म्हणजे ‘मशीन माझं आहे’ या एका गोष्टीमुळे तुम्ही या व्याख्येबाहेर जात नाही. बाहेर जाण्याचा रस्ता एकच: खऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला लागते तेवढी स्वायत्तता आणि तेवढं आर्थिक स्वातंत्र्य तुमच्याकडे असणं. दर ठरवायचा अधिकार नाही, गिऱ्हाईक शोधायचं नाही, नफा वाढवायचा तर जागरणाशिवाय मार्ग नाही. याला आर्थिक स्वातंत्र्य म्हणता येईल का, ते तुम्हीच सांगा.

हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही. भारतानेही नाही. पण विचाराची दिशा त्याने ठरवून दिली, आणि भारतातल्या न्यायालयांनी तर याच्या कितीतरी आधी अशा प्रश्नांची उत्तरं दिली होती. त्यातलं १९७३ चं सर्वोच्च न्यायालयाचं एक प्रकरण तुमच्या कामाच्या अगदी जवळचं आहे. एका शिवणकामाच्या दुकानातले कारागीर नगावर मजुरी घेत. यायची-जायची वेळ ठरलेली नव्हती. काही जण कधीकधी कापड घरी नेऊनही शिवत. दुसऱ्यांचं काम करायलाही त्यांना मोकळीक होती. दुकानाचं म्हणणं, हे आमचे नोकर नव्हेतच. न्यायालयाने ते मानलं नाही. शिवलेला कपडा सांगितल्याप्रमाणे नसेल तर तो नाकारायचा आणि पुन्हा शिवायला लावायचा अधिकार दुकानाकडे आहे, आणि नियंत्रण यातही दिसतं, असं न्यायालय म्हणालं. दुसरीकडे काम करण्याची मुभा असल्याने इथलं नातं पुसलं जात नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य परत वाचा. “माल नापास झाला तर उसवून पुन्हा शिवायचा.” तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं. तुमच्या बाजूचा तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

बारा वर्षांनी, १९८५ मध्ये, घरी बसून विड्या वळणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. भविष्य निर्वाह निधी त्यांना लागू आहे का? कारखानदारांची बाजू अशी की, ही माणसं आपापल्या घरी काम करतात, वर देखरेखीला कुणी नाही, मग ती आमची नोकर कशी? न्यायालय म्हणालं, काम साधं आहे, त्यात क्षणोक्षणी लक्ष ठेवायची गरजच नसते. माल तपासून नाकारायचा अधिकार हेच पुरेसं नियंत्रण आहे. निधी लागू झाला. मुळात १९६६ च्या विडी कामगार कायद्यानेच, मालक किंवा ठेकेदार ज्यांना कच्चा माल घरी देतो त्या मजुरांना कर्मचारी म्हटलं होतं. त्याही आधी, १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत हा माणूस होता: ज्याला दुसऱ्याच्या धंद्यासाठी वस्तू शिवायला, सजवायला, दुरुस्त करायला घरी दिल्या जातात तो. हे जुने कायदे आता नव्या श्रमसंहितांमध्ये विलीन झाले आहेत आणि शब्दरचना बदलली आहे, म्हणून भारतातून लिहीत असाल तर दावा करताना आजचा मजकूरच समोर ठेवायला हवा. पण ‘घरी काम केलं म्हणजे कामगार नाही’ हे म्हणणं किती जुनं आणि किती वेळा खोडून निघालेलं आहे, ते यावरून कळेल.

ब्रिटनमध्येही १९७८ मध्ये घरी बुटांच्या टाचा जोडणाऱ्या एका बाईच्या बाबतीत हाच वाद झाला. वर्षानुवर्षं कंपनी माल देत होती, त्या काम करून परत देत होत्या. त्या नोकरीतच आहेत असं ठरलं. १९८४ मधल्या दुसऱ्या प्रकरणात घरी शिवणाऱ्या बायकांना किती माल घ्यायचा, कधी सुट्टी घ्यायची हे ठरवायची मोकळीक होती. तरी एवढ्या वर्षांच्या देण्याघेण्यातून एकमेकांवर बंधन तयार झालं आहे, असं न्यायालयाने मानलं.

हे दुसरं प्रकरण मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या बाजूतली कच्ची जागा तिथेच आहे. दोन-दोन आठवडे काम नसतं, असं तुम्ही म्हणता. कंपनी म्हणेल, आम्ही काम द्यायला बांधील नव्हतो आणि त्या घ्यायला बांधील नव्हत्या. प्रत्येक गठ्ठा म्हणजे वेगळा सौदा. हा युक्तिवाद काही न्यायालयांत चालतोही. त्याला तोंड द्यायचं तर सहा वर्षांत काम किती नियमित आलं ते तारखांनिशी दाखवता आलं पाहिजे. तोंडी सांगून भागत नाही.

आणखी एक. ‘कामगार की व्यावसायिक’ असे दोनच खण आहेत असं समजू नका. ब्रिटनमध्ये पूर्ण नोकरदार आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मध्ये एक तिसरी पायरी आहे. तिथल्या माणसाला नोकरीचं सगळं संरक्षण मिळत नाही, पण किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळते. १९९८ च्या तिथल्या किमान वेतन कायद्यात तर घरी काम करणाऱ्यांसाठी खास तरतूद आहे. जर्मनीने १९५१ सालीच अशा लोकांसाठी वेगळा कायदा केला, आणि मजुरीची नोंदवही काम देणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने त्यांना द्यायची असं ठरवलं. म्हणून कुणाचा सल्ला घ्याल तेव्हा “मी कामगार आहे का?” एवढंच विचारू नका. किमान वेतनासाठी आहे का, निधीसाठी आहे का, काम अचानक बंद केलं तर संरक्षण आहे का, असं एकेक विचारा. एका कायद्यात ‘नाही’ आणि दुसऱ्यात ‘हो’ असं उत्तर येऊ शकतं, आणि पहिल्या ‘नाही’ला घाबरून बायका परत जातात हे मी पाहिलं आहे.

आता वही. माझी आई पाकिटं चिकटवायची. शंभराचा गठ्ठा, त्यावर मजुरी. मोजणी माल घेणाऱ्याच्या दारात व्हायची आणि दर खेपेला तीन-चार पाकिटं कमी भरायची. आई घरी दोनदा मोजून न्यायची, तरी कमी. ती भांडायची नाही, कारण दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. एकदा तिने शेजारणीला सोबत नेलं, दोघींनी दारातच मोठ्याने मोजलं आणि आकडा कागदावर लिहून त्याच्यासमोर धरला. त्या दिवशी गठ्ठा पुरा भरला. मी तेव्हा लहान होते, पण लिहिलेल्या आकड्यासमोर त्या माणसाचा बदललेला आवाज मला अजून आठवतो.

तर तुमची वही अशी ठेवा. माल आला ती तारीख, किती नग, दर काय सांगितला. परत दिला ती तारीख, किती पास, किती नापास, नापासाचं कारण काय दिलं. हातात किती पैसे आले, कशाची कपात झाली. बसलात किती वाजता, उठलात किती वाजता. दोरा, सुया, मशीनचं तेल, दुरुस्ती यांचा खर्च वेगळ्या पानावर. मधला माणूस चिठ्ठी देत असेल तर ती चिकटवा. देत नसेल तर तुम्हीच दोन ओळी लिहून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा: आज इतके नग मिळाले, दर इतका, परत द्यायची तारीख अमुक. त्याने नुसतं ‘ठीक’ लिहिलं तरी नोंद झाली. मागच्या सहा वर्षांचं बँकेत जमा झालेल्या रकमांवरून आणि जुन्या निरोपांवरून जमेल तेवढं उभं करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि रात्री अकराला ते नकोसं वाटेल. तरी करा.

वेळेची नोंद का, ते सांगते. नगाचा दर ऐकायला बरा वाटतो, तासाचा हिशोब मांडला की खरं काय ते कळतं. ब्रिटनमध्ये नगावरच्या मजुरीसाठी एक सूत्र वापरतात. सरासरी माणूस तासाला किती नग करतो ते प्रत्यक्ष पाहून काढायचं. समजा १२ आले. त्याला १.२ ने भागायचं, म्हणजे १० होतात. मग तासाच्या किमान वेतनाचा दहावा भाग हा एका नगाचा कमीत कमी दर. हा भागाकार यासाठी की सरासरीपेक्षा थोडा हळू हात असलेल्यालाही किमान वेतन गाठता यावं. तुमच्या देशात हे सूत्र नसेल, तरी स्वतःसाठी एकदा मांडून पाहा. त्यात गठ्ठे सोडणं, जुळवणं, बांधणं, उसवून पुन्हा शिवणं हा वेळही धरा. १९९६ च्या कराराबरोबर जी शिफारस आली, क्रमांक १८४, तिच्यात गठ्ठे सोडणं, जुळवणं, बांधणं अशा वेळेचा मोबदला मिळावा असं स्पष्ट म्हटलं आहे. वीज आणि मशीनची देखभाल यांच्या खर्चाची भरपाईसुद्धा त्यात आहे. दिलेलं काम, दर, कपात यांची नोंद काम देणाऱ्याने ठेवावी आणि तिची प्रत करणाऱ्याला द्यावी, हेही.

सासूबाई मदत करतात म्हणून तुम्ही ठेकेदार होत नाही. मीठ पिकवणाऱ्या आगरियांच्या प्रकरणात १९५६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, माणूस स्वतः राबत असेल तर घरच्यांची मदत घेतल्याने तो कामगार राहत नाही असं नाही. मुलीचं मात्र वेगळं आहे. रागावू नका, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या हातातून ही मोजणी काढून घ्या. तिचा वेळ तर जातोच, शिवाय घरातले सहा हात लागून जो माल वेळेत पुरा होतो, तो एका माणसाला जमतो असं धरून कंपनी पुढचा दर ठरवते. तुमचा दर कमी ठेवायला तुमचीच मुलगी वापरली जाते आहे.

मधल्या माणसावर फार राग धरू नका. त्यालाही नगामागे काही मिळत असेल. पण त्याच्या आड कंपनीला लपू देऊ नका. करार १७७ मध्ये मध्यस्थ असेल तर काम देणारा आणि मध्यस्थ या दोघांची जबाबदारी ठरवली जावी, असं एक कलमच आहे. म्हणून त्या कागदावर पहिली गोष्ट बघा: दुसऱ्या बाजूला नाव कुणाचं आहे? कंपनीचं, मधल्या माणसाचं, की जागा रिकामी? गठ्ठ्यावरची लेबलं, पिशव्या, चलनं यांचे फोटो काढा. माल कुणाचा ते त्यातून सिद्ध होतं.

घर अडून बसलं आणि सही करावीच लागली तर? तरी सगळं संपलं असं मानू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २००६ ची शिफारस, क्रमांक १९८, सांगते की नातं कामाच्या प्रत्यक्ष वस्तुस्थितीवरून ठरावं, कागदावर त्याला काय नाव दिलं आहे यावरून नव्हे. शिवाय कायद्याने दिलेला किमान हक्क करार करून सोडून देता येत नाही, हे तत्त्व अनेक देशांत आहे. भारताच्या १९४८ च्या कायद्यात तर तसं लिहिलेलंच होतं. मात्र सही केलीत तर प्रत घ्या, तारीख घाला आणि माल बंद होईल असं सांगून सही घेतल्याची नोंद त्याच दिवशी वहीत करा. दावा करायला मुदत असते, तेव्हा वर्षभर थांबून मग विचारायला जाऊ नका.

यजमानांना माझा निरोप द्या. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची संघटना, ‘सेवा’, नोंदवायला घेतली, तेव्हा सरकारी खात्याचा आक्षेप साधारण हाच होता: यांना मालकच नाही, मग यांची कामगार संघटना कशी? नोंदणी शेवटी झाली, आणि पुढे याच संघटनेने इतरांना सोबत घेऊन १९९६ च्या कराराचा पाठपुरावा केला. २०१९ च्या हिशोबाने जगात सुमारे २६ कोटी माणसं घरून काम करत होती, त्यात साधारण १४ कोटी ७० लाख बायका. “तू कुठे नोकरी करतेस” हे वाक्य यांतल्या किती जणींनी ऐकलं असेल. ऐकून ऐकून आपलंही तसंच मत होतं, आणि मग आपण मजुरीला मजुरी न म्हणता ‘हातखर्च’ म्हणायला लागतो. सहा वर्षं रात्री जागून केलेलं काम हा हातखर्च नाही.

एकटीने कंपनीशी बोलायला जाऊ नका. हा कागद मधल्या माणसाने तुमच्या एकटीसाठी छापलेला नसणार. माल जमा करायला गेलात की इतर कोण कोण येतं ते बघा, कुणाला कागद आला, कुणी सही केली ते विचारा. चार-पाच जणी मिळाल्या की जवळच्या कामगार संघटनेकडे किंवा श्रम खात्याच्या कार्यालयात जा. एकीचा माल बंद करणं सोपं असतं, एकदम पाच जणींचा बंद केला तर त्याचीही मुदत चुकते.

पुढच्या पत्रात देशाचं नाव लिहा, आणि कागदाचा मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठवा. नावं, पत्ते गाळा, पण खालची बारीक अक्षरातली ओळ सोडू नका. तिथला कायदा नेमकं काय म्हणतो ते पाहून उत्तर देईन.